वाचकांचे प्रश्न : डेटाबेस बंद पडला की तुमचं प्लगिन काय करतं?

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की लॉग, म्हणजे प्रोग्रॅम चालताना लिहितो त्या नोंदी, फाइलींमधेच का पडू द्यायचे, डेटाबेसमधे टाकले तर शोधायला सोपं नाही का, आणि त्याला उत्तर देताना मी म्हटलं होतं की जरूर टाका, तुमच्या कामाचं तयार प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडायचा तुकडा, मिळालं नाही तर स्वतः लिहा आणि लिहिलंत की सगळ्यांसाठी खुलं करा. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेक फ्लुएंटडीबद्दल आहेत, म्हणून ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. सादायुकी फुरुहाशी यांनी २०११ मधे सुरू केलेलं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर, बरंचसं रूबीत लिहिलेलं, इकडून लॉग घ्यायचे आणि तिकडे पोचवायचे एवढंच याचं काम, आणि कुठून घ्यायचे नि कुठे द्यायचे हे जवळपास सगळं प्लगिनवर चालतं. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं लॉगस्टॅश किंवा फ्लुएंट बिट अशी याच कामाची दुसरी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनाही लागू पडेल, फक्त नावं बदलतील.

प्रश्न : मी फ्लुएंटडीसाठी आउटपुट प्लगिन लिहिलंय. रेकॉर्ड, म्हणजे लॉगची एक नोंद, आला की लगेच पोस्टग्रेस या डेटाबेसमधे इन्सर्ट करतो. माझ्या लॅपटॉपवर मस्त चाललं. खऱ्या सर्व्हरवर लावलं तर लॉग मागे पडायला लागले, टेबलमधली शेवटची ओळ दहा-दहा मिनिटं जुनी. गंमत म्हणजे डेटाबेसचा सीपीयू रिकामाच दिसतो. मग अडतंय कुठे?

उत्तर : सीपीयू रिकामा आहे ही तुम्ही फार कामाची गोष्ट सांगितलीत, कारण त्यावरून कळतं की कुणी काम करत नाहीये, सगळे वाट बघतायत. प्रत्येक इन्सर्ट म्हणजे एक वेगळं ट्रान्झॅक्शन, आणि ते कमिट, म्हणजे पक्कं, होताना पोस्टग्रेस डिस्कवर खरंच लिहिलं गेल्याची खात्री करून घेतो आणि मगच "झालं" म्हणतो, शिवाय नेटवर्कवरून जाऊन परत यायचा वेळ वेगळा. समजा या सगळ्याला ५ मिलिसेकंद लागले तर सेकंदाला २०० ओळी, बस्स, मशीन कितीही मोठं घ्या. लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर होता आणि ओळीही मोजक्याच येत होत्या, त्यामुळे हे दिसलंच नाही.

तुम्ही बहुतेक प्रोसेस ही मेथड लिहिलीय. फ्लुएंटडीच्या आउटपुट प्लगिनमधे तीन वाटा असतात. प्रोसेस म्हणजे आलं तसं पाठवा, मधे बफर, म्हणजे तात्पुरता साठा, नाही. राइट म्हणजे रेकॉर्ड आधी बफरमधे साठतात, त्याचा एक गठ्ठा झाला, ज्याला चंक म्हणतात, की तो गठ्ठा तुमच्या हातात येतो, तुमचं राइट बिनचूक संपलं तर चंक पोचला, एरर फेकली तर नाही पोचला, परत पाठवायची जबाबदारी फ्लुएंटडीची. तिसरी ट्राय राइट, ती अशा ठिकाणांसाठी जिथे पोच उशिराने मिळते आणि ती मिळाल्यावर "कमिट" तुम्हालाच कळवावं लागतं. साध्या डेटाबेसला तिची गरज नाही. राइट घ्या.

मग चंकमधले हजार-हजार रेकॉर्ड एकाच इन्सर्टमधे. इथे एक खड्डा आहे जो मोठी बॅच केल्याशिवाय कळत नाही, पोस्टग्रेसच्या एका क्वेरीत जास्तीत जास्त ६५,५३५ पॅरामीटर, म्हणजे क्वेरीपासून वेगळ्या दिलेल्या किमती, बसतात, म्हणजे तुमचे ६ कॉलम असतील तर १०,९२२ ओळींच्या पुढे क्वेरीच जात नाही. चंकचे तुकडे करा, हजाराचे पुरेत. याहून वेग हवा असेल तर कॉपी कमांड आहे, ती झपाझप भरते पण एक ओळ बिघडली की सहसा सगळा गठ्ठा नाकारते आणि डुप्लिकेट आल्या तर गाळायची सोयही त्यात नाही, त्यामुळे पहिल्या आवृत्तीला मी तरी तिच्या वाटेला जाणार नाही.

अजून दोन गोष्टी सांगून ठेवतो. बफर लावलात की टेस्ट करताना एक मिनिट काहीच दिसणार नाही, घाबरू नका, फ्लश इंटरव्हल, म्हणजे किती वेळाने बफर पुढे पाठवायचा ते, मुळात ६० सेकंदांचा असतो, टेस्टपुरता तो एक सेकंद करा. आणि डेटाबेसचं कनेक्शन स्टार्ट मेथडमधे हट्टाने उघडू नका, पहिल्यांदा लागेल तेव्हा उघडा, नाहीतर डेटाबेस बंद असताना मशीन रीस्टार्ट झालं तर फ्लुएंटडी उठणारच नाही आणि त्याच्यावर अवलंबून असलेले बाकीचे आउटपुटही त्याच्याबरोबर बसतील. फ्लश करणारे थ्रेड एकाहून जास्त ठेवलेत तर प्रत्येकाला आपापलं कनेक्शन द्या.

प्रश्न : आमच्याकडे डेटाबेसला लॉग पाठवणारं प्लगिन महिनोन्महिने छान चालत होतं. एक दिवस नवीन लॉग यायचे थांबले. डेटाबेस चालू, नेटवर्क चालू, पासवर्ड बरोबर. रीस्टार्ट केलं तरी तेच. शेवटी बफरची फोल्डर रिकामी केली तेव्हा सुरू झालं, पण मधले लॉग गेले. असं का होतं आणि प्लगिन लिहिणाऱ्याने काय करायला हवं होतं?

उत्तर : हे पत्र वाचून मला माझं पहिलं प्लगिन आठवलं, कारण त्यात हेच झालं होतं आणि ते का झालं हे शोधायला मला दोन रात्री लागल्या. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका सर्व्हिसने अपलोड झालेल्या फाइलचं नाव जसंच्या तसं लॉगमधे छापलं होतं. त्या नावात मधेच एक शून्य बाइट होता, म्हणजे ज्याची किंमतच शून्य आहे असं न दिसणारं अक्षर. पोस्टग्रेस टेक्स्ट कॉलममधे हे अक्षर घेतच नाही, जेसनबी या जेसन साठवायच्या प्रकारातही नाही. म्हणजे हजारो चांगल्या ओळी आणि त्यात ही एक, सगळी बॅच परत. माझ्या कोडला कळलं एवढंच की एरर आली, मग त्याने ती वर फेकली, फ्लुएंटडीला वाटलं डेटाबेस अडचणीत आहे, थोड्या वेळाने परत बघू. एक सेकंदाने, मग दोन, मग चार, आठ, सोळा. तोच चंक, तीच ओळ, तीच एरर. आणि हा चंक रिट्रायमधे, म्हणजे परत पाठवायच्या प्रयत्नांत, असताना मागचे चंकही रांगेत ताटकळत उभे.

मुळात रिट्रायची मुदत ७२ तास असते, आणि दर वेळी थांबायचा वेळ दुप्पट होत जातो त्यामुळे या तीन दिवसांत प्रयत्न होतात ते जेमतेम सतरा-अठरा, शेवटच्या दोन प्रयत्नांमधे तर दिवसाहून जास्त अंतर पडतं. मुदत संपली की फ्लुएंटडी आपल्या स्वतःच्या लॉगमधे एक ओळ लिहितो, की मर्यादा संपली, रांगेतले सगळे चंक टाकून देतोय. नीट वाचा, बिघडलेला एकच चंक नाही, रांगेतले सगळे. एका फाइलच्या नावापायी तीन दिवसांचे लॉग गेले आणि ती ओळ ज्या लॉगमधे होती तो कुणी उघडून बघत नव्हतं.

आता प्लगिनने काय करायला हवं. माझं ठाम मत आहे की डेटाबेसच्या प्लगिनमधे इन्सर्टचा कोड हा सगळ्यात छोटा भाग, खरं काम म्हणजे एरर ओळखणं. "आत्ता जमत नाही" ही एक एरर आणि "हे कधीच जमणार नाही" ही दुसरी, आणि दोघींना एकच वागणूक दिली की वर सांगितलं तसं होतं. पोस्टग्रेस प्रत्येक एररबरोबर पाच अक्षरी कोड देतो, त्याची पहिली दोन अक्षरं बघा. ०८ म्हणजे कनेक्शनची भानगड, ५३ म्हणजे जागा किंवा मेमरी संपली, ५७ म्हणजे कुणीतरी सर्व्हर बंद करतंय किंवा तो अजून उठतोय, ४० म्हणजे डेडलॉक (दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांसाठी अडलेली) वगैरे, या सगळ्यात थांबा आणि परत पाठवा. २२ म्हणजे डेटाच खराब, २३ म्हणजे टेबलचा नियम मोडला, यात परत पाठवून काहीही उपयोग नाही. ४२ मधे टेबल नाही, कॉलम नाही असल्या गोष्टी येतात, इथे लोकांची मतं वेगळी असतात, मी रिट्राय करतो कारण कुणीतरी येऊन टेबल बनवू शकतं, पण पहिल्याच प्रयत्नाला लॉगमधे ठणकावून लिहितो की टेबल नाहीये.

खराब डेटा असेल तर बॅच अर्धी करा. एक अर्धी जाईल, दुसरी अडेल, अडलेली परत अर्धी करा. हजार ओळींत एक खराब असेल तर दहा वेळा अर्धं केलं की ती एकटी हातात येते, म्हणजे वीसेक जास्तीच्या क्वेरी, आणि हे रोज होत नाही त्यामुळे परवडतं. ती एकटी ओळ एरर लेबलकडे, म्हणजे बिघडलेल्या रेकॉर्डसाठी ठेवलेल्या वेगळ्या वाटेकडे, द्या, फ्लुएंटडीत त्यासाठी इमिट एरर इव्हेंट अशी सोय आहे, तिथून वापरणाऱ्याला वाटलं तर तो ती फाइलमधे टाकेल. बाकीच्या ९९९ पोचल्या. बरेच जण इथे अनरिकव्हरेबल एरर फेकून मोकळे होतात, त्याने रिट्राय थांबतो हे खरं पण अख्खा चंक बाजूला पडतो, चांगल्या ओळींसकट. मला ते पटत नाही.

आणि शून्य बाइटचं काय, तर तो आधीच काढा. रूबीत स्क्रब नावाची मेथड आहे, मला वाटलं होतं तिने भागेल, नाही भागत. स्क्रब फक्त यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत न बसणारे बाइट बदलते आणि शून्य बाइट यूटीएफ-८ मधे अगदी कायदेशीर आहे, नको आहे तो पोस्टग्रेसला. त्यामुळे तो वेगळा शोधून बदलावा लागतो. आणि फक्त मुख्य मेसेजमधे नाही, रेकॉर्डच्या आतल्या आतल्या हॅशमधे (नाव आणि किंमत यांच्या जोड्यांत), कीजमधे म्हणजे त्या नावांमधेसुद्धा.

तुमच्याकडे नेमकं हेच झालं का ते आता सांगता येणार नाही कारण बफर गेला, पण रीस्टार्टनंतरही तेच आणि बफर काढल्यावर चालू, या दोन खुणा त्याच दिशेने जातात. पुढच्या वेळी बफरची फोल्डर पुसू नका, दुसरीकडे हलवून ठेवा.

प्रश्न : डेटाबेस चार तास मेन्टेनन्सला बंद राहणार आहे. लॉग हरवतील का?

उत्तर : हिशोब करून बघा. समजा सेकंदाला ५०० ओळी, एक ओळ ४०० बाइटची, म्हणजे सेकंदाला २०० केबी, चार तासांत २.९ जीबीच्या आसपास. मेमरी बफरची एकूण मर्यादा मुळात ५१२ एमबी असते, ती पाऊण तासात भरेल. फाइल बफरची ६४ जीबी, ती पुरेल, डिस्कवर तेवढी जागा असली म्हणजे झालं. आणि फाइल बफर मशीन रीस्टार्ट झालं तरी डिस्कवर राहतो.

भरल्यावर काय करायचं हे तीन प्रकारे सांगता येतं, एरर फेका, थांबवून धरा, किंवा सगळ्यात जुना चंक टाका. लॉग फाइल वाचून येत असतील तर थांबवून धरणं चांगलं, फाइल आहेच तिथे, नंतर वाचली जाईल (फाइल रोटेट होऊन, म्हणजे तिच्या जागी नवी येऊन, पुसली जात नाही ना ते बघा). ॲप्लिकेशन थेट नेटवर्कवरून लॉग पाठवत असेल तर मात्र जपून, कारण तुम्ही इथे थांबवलंत की तिथे ॲप्लिकेशनच अडकू शकतं, आणि लॉगसाठी मूळ काम थांबावं असं कुणालाच नको असतं.

आणि रिट्राय मॅक्स इंटरव्हल नक्की लावा, एक-दोन मिनिटांचा. वर म्हटलं तसं थांबायचा वेळ दुप्पट होत जातो, त्यामुळे चार तासांनी डेटाबेस परत आला तरी प्लगिन अजून अर्धा तास डोळे मिटून बसलेलं असू शकतं आणि सगळ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. तुम्ही प्लगिन लिहिणारे असाल तर बफरच्या या सेटिंगच्या चांगल्या किमती प्लगिनमधेच ठरवून देता येतात. द्या, वापरणारे निम्मे लोक या सेटिंगचं पान उघडत नाहीत.

प्रश्न : नेटवर्क जरा जरी हललं तरी माझ्या टेबलमधे काही ओळी दोनदा येतात. प्लगिनमधे बग आहे का?

उत्तर : बग नाही. डेटाबेसने कमिट केलं आणि "झालं" हा निरोप तुमच्यापर्यंत यायच्या आत कनेक्शन तुटलं, तर तुम्हाला कळायला मार्ग नाही की ते गेलं होतं का नव्हतं. परत पाठवलंत तर दोनदा जाईल, नाही पाठवलंत तर कदाचित हरवेल. लॉगच्या बाबतीत दोनदा बरं. मग दुसरी प्रत डेटाबेसमधे शिरू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात.

त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डला एक आयडी हवा आणि त्या कॉलमवर युनिक इंडेक्स, जो तीच किंमत दोनदा घेत नाही, मग ९.५ आवृत्तीपासून पोस्टग्रेसमधे ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग आहे, दुसऱ्यांदा आलेली ओळ गुपचूप गळते. लोक चुकतात ते आयडी बनवण्याच्या जागेत. राइटमधे आयडी बनवलात तर प्रत्येक रिट्रायला नवा आयडी तयार होतो आणि सगळा खटाटोप वाया. आयडी बफरमधे जायच्या आधी चिकटला पाहिजे, म्हणजे फॉरमॅट मेथडमधे किंवा त्याच्याही आधी फिल्टरमधे, एकदा चिकटला की चंकबरोबर डिस्कवर जातो आणि शंभर रिट्राय झाले तरी तोच राहतो.

ओळीच्या मजकुराचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघणारा ठरावीक आकडा, काढून तोच आयडी म्हणून वापरावा असंही सुचवलं जातं. मी सांगेन नको. एकाच क्षणी खरोखरच दोनदा "लॉगिन फेल" झालं असेल तर त्या दोन ओळी हुबेहूब असू शकतात, आणि तुम्ही त्यातली एक खरी घटना पुसून टाकाल. दोनदा फेल झालं का वीसदा हेच तर आपण लॉगमधे शोधत असतो.

टेबल दिवसाप्रमाणे पार्टिशन केलं, म्हणजे तुकड्यांत विभागलं, असेल तर युनिक इंडेक्समधे वेळेचा कॉलमही घ्यावाच लागतो. चालतं, पण ती वेळ रेकॉर्डची असू द्या, इन्सर्ट केल्याची नको.

प्रश्न : रेकॉर्डमधल्या प्रत्येक कीसाठी प्लगिनने आपोआप कॉलम बनवावा का? आमच्या टीममधे यावरून वाद आहे.

उत्तर : नको. कुणीतरी कधीतरी युजरचा नंबरच की म्हणून लॉग करतो आणि मग प्रत्येक युजरमागे एक कॉलम. पोस्टग्रेसमधे टेबलला १६०० कॉलमची मर्यादा आहे, आणि तिथे पोचायच्या आधीच टेबल वापरण्याजोगं राहत नाही. वेळ, टॅग (लॉग कुठला ते सांगणारी खूण), लेव्हल, मेसेज असे चार-पाच पक्के कॉलम, उरलेलं सगळं एका जेसनबी कॉलममधे. ज्या कीवर रोज शोधता तिच्यावर नंतर इंडेक्स टाकता येतो.

वेळेबद्दल मात्र जागरूक राहा. जुन्या पद्धतीच्या सिसलॉगमधे, जो २००१ च्या आरएफसी ३१६४ या इंटरनेटच्या दस्तऐवजात लिहून ठेवलाय, तारखेत वर्षच नसतं आणि टाइमझोनही नसतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीची ओळ १ जानेवारीला पोचली की तुमचं प्लगिन तिला वर्षभर पुढे ढकलून ठेवेल, आणि ते कळेल कधी तर कुणी शोधायला जाईल तेव्हा. २००९ च्या आरएफसी ५४२४ मधे पूर्ण तारीख असते, पाठवणाऱ्याला ती वापरायला सांगा. आणखी एक, फ्लुएंटडी नॅनोसेकंदापर्यंत वेळ ठेवतो आणि पोस्टग्रेस मायक्रोसेकंदापर्यंतच, म्हणजे शेवटचे तीन आकडे गळतात, त्यामुळे ओळींचा क्रम फक्त वेळेवरून लावलात तर कधीकधी उलटा दिसेल.

प्रश्न : लॉग तर आपल्याच सिस्टिमचे असतात, मग त्यात सिक्युरिटीचा प्रश्न कुठून येतो?

उत्तर : सिस्टिम आपली असते, मजकूर बाहेरचा असतो. ब्राउझरचं नाव, शोधलेला शब्द, चुकीचा टाकलेला युजरनेम, हे सगळं बाहेरचा माणूस टाइप करतो आणि आपण लॉगमधे छापतो. डिसेंबर २०२१ मधे लॉग फोर जे या जावाच्या लॉग लिहायच्या लायब्ररीमधे जे सापडलं त्याचं मूळ हेच होतं, लॉग होणाऱ्या मजकुरातली एक विशिष्ट रचना ती लायब्ररी आदेश म्हणून वाचायची आणि बाहेरून कोड ओढून चालवायची. तुमच्या प्लगिनमधे क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवली असेल तर तुम्हीही तेच दार उघडं ठेवलंय. किमती कायम पॅरामीटर म्हणून द्या. आणि टेबलचं नाव टॅगवरून बनवत असाल, जे बरेच जण करतात, तर ते पॅरामीटर म्हणून देता येत नाही, ते ड्रायव्हरच्या कोट करायच्या मेथडमधून काढा, शिवाय कुठली नावं चालतील त्याची यादी ठेवा.

दुसरी बाजू म्हणजे लॉगमधे जे यायलाच नको ते. मे २०१८ मधे ट्विटरने आपल्या सगळ्या युजरना पासवर्ड बदलायला सांगितलं होतं, कारण एका बगमुळे पासवर्ड आतल्या एका लॉगमधे उघडे लिहिले जात होते. असा लॉग फाइलमधे पडून असतो तेव्हा तो थोड्यांनाच दिसतो, तुम्ही तो डेटाबेसमधे नेला की एका सिलेक्ट क्वेरीत सगळ्यांना शोधता येतो. त्यामुळे कीच्या नावावरून किंमत झाकायची सोय प्लगिनमधे जरूर द्या. तुमच्या स्वतःच्या सेटिंगमधल्या पासवर्डला सिक्रेट अशी खूण करा, नाहीतर फ्लुएंटडी सुरू होताना सगळं कॉन्फिगरेशन लॉगमधे छापतो त्यात तोही छापला जातो. आणि प्लगिनच्या डेटाबेस युजरला टेबल पुसायचा हक्क देऊ नका, त्याला इन्सर्ट पुरे.

याच्याच जवळची एक गोष्ट कुणी विचारली नाही तरी सांगतो. प्लगिन आपली एरर फ्लुएंटडीच्या लॉगमधे लिहितं, तो लॉगही तुम्ही डेटाबेसला पाठवत असाल तर डेटाबेस बंद झाल्यावर एररचा रेकॉर्ड बनतो, तो जात नाही म्हणून अजून एक एरर, तिचा अजून एक रेकॉर्ड. फ्लुएंटडीचे स्वतःचे लॉग वेगळ्या लेबलने साध्या फाइलमधे जाऊ द्या.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. माझं प्लगिन आता बऱ्यापैकी चालतंय आणि मला ते ओपन सोर्स करायचंय, पण कोड फार काही सुंदर नाहीये. लोक काय म्हणतील याची भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

उत्तर : आजच टाका, सुंदर नंतर करता येतो. भीती वाटण्यासारखं त्यात खरंच काही नाही, तुमच्यासारखीच अडलेली माणसं ते शोधत येतील आणि त्यांना चालणारं काहीतरी हवं असतं.

टाकायच्या आधी लायसन्सची फाइल ठेवा. ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो पण वापरायचा हक्क कुणालाच मिळत नाही, आणि एखाद्या कंपनीत काम करणारी व्यक्ती इच्छा असून घेऊ शकत नाही. फ्लुएंटडी स्वतः अपाची २.० खाली आहे, त्यात पेटंटबद्दलही स्पष्ट लिहिलंय, तेच घेतलंत तर डोक्याला ताप नाही. जेमचं, म्हणजे रूबीच्या पॅकेजचं, नाव फ्लुएंट-प्लगिन असं सुरू करायची पद्धत आहे, त्यामुळे लोकांना शोधताना सापडतं. आणि कोडमधल्या बदलांच्या, म्हणजे कमिटच्या, इतिहासात कधी काळी टेस्टसाठी टाकलेला खरा पासवर्ड नाही ना हे बघा. असेल तर फाइल काढून भागत नाही, तो पासवर्डच बदला.

टेस्टमधे खोटा डेटाबेस वापरू नका, म्हणजे वापरा पण तेवढ्यावर थांबू नका. खोटा डेटाबेस शून्य बाइटला कधी नाही म्हणत नाही. कंटेनरमधे, म्हणजे मशीनच्या आत वेगळ्या चालणाऱ्या खोक्यात, खरा पोस्टग्रेस उठवा, हजार रेकॉर्ड पाठवा, मधेच तो कंटेनर थांबवा, परत सुरू करा, आणि टेबलमधे बरोबर हजार ओळी आहेत का मोजा. ही एक टेस्ट बाकीच्या पन्नास टेस्टना भारी आहे.

पुढे लोक फीचर मागतील. प्रत्येकाला हो म्हणू नका, पण नाही म्हणताना कारण लिहा. सेटिंगचं नाव बदलावं लागलं तर जुनं लगेच तोडू नका, ते जुनं झालंय असं कॉन्फिगरेशनमधेच सांगायची सोय आहे, आणि टेबलची रचना बदलली तर ती मोठी आवृत्ती धरा, कोडमधे एकच ओळ बदलली असली तरी. कारण समोरच्याचं टेबल भरलेलं असतं.

कधीतरी असंही होईल की तुम्हाला वेळ नसेल आणि कुणीतरी अनोळखी व्यक्ती म्हणेल, मी सांभाळते, मला हक्क द्या. मदत घ्या, मदत लागतेच. पण रिलीज करायची किल्ली देताना घाई करू नका. एक्सझेड नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीचं मार्च २०२४ मधे जे उघडकीला आलं ते असंच होतं, दमलेला एकटा मेंटेनर, त्याच्यावर इतरांचा दबाव, आणि दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवलेल्या सहकाऱ्याच्या नावाने आत घातलेलं चोरदार. ते सापडलं आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या डेव्हलपरला, एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून ते खोदत गेले तेव्हा. सांभाळायला वेळ उरला नाही तर रीडमीमधे, म्हणजे कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमधे, सरळ तसं लिहा, लोक समजून घेतात.

रीडमीत सगळ्यात वर, इन्स्टॉल कसं करायचं त्याच्याही आधी, तीन गोष्टी लिहा, डेटाबेस बंद पडला तर हे प्लगिन काय करतं, खराब रेकॉर्ड कुठे जातात, आणि ओळ दोनदा येऊ शकते का. तुमचं प्लगिन घ्यायचं का नाही हे विचार करणारा माणूस तेवढ्यावरून ठरवतो. दुवा पाठवा, मी लावून बघतो आणि काही सापडलं तर इश्यू टाकतो.